मॉर्मन चर्च, जमाखर्च आणि ‘पारदर्शकता’: पार्श्वभूमी

‘पारदर्शकता’ हा मूळचा भागधारकांच्या, लेखापरीक्षकांच्या आणि नियामकांच्या बोलण्यातला शब्द. मॉर्मन चर्चच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उदयाला आलेल्या ख्रिस्ती पंथाच्या, पदाधिकाऱ्यांच्या तोंडी तो रुळला गेल्या पंधराएक वर्षांत, आणि तोही प्रामुख्याने इतिहासाच्या संदर्भात. पैशांच्या बाबतीत, म्हणजे जिथून हा शब्द आला त्या क्षेत्रात, चर्चने तो फार जपून वापरला. ही तफावत समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते.

सुरुवातीची भाषा व्यापाराची नव्हती. जुलै १८३० मधील एका प्रकटीकरणाने (संस्थापकाला मिळालेल्या ईश्वरी संदेशाने) चर्चमधील सर्व गोष्टी ‘सर्वांच्या संमतीने’ व्हाव्यात असे सांगितले. उजवा हात वर करून संमती देण्याची प्रथा आजही चालू आहे. १८३८ मध्ये दशांशाचा, म्हणजे सदस्याने उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याचा, नियम आला आणि त्या पैशाचा विनियोग वरिष्ठांच्या एका परिषदेकडे सोपवला गेला. पुढे बहुपत्नीत्व मोडून काढण्यासाठी अमेरिकी संसदेने १८८७ मध्ये कायदा करून चर्चचे कायदेशीर अस्तित्वच रद्द केले आणि ५० हजार डॉलरपेक्षा अधिकच्या मालमत्तेवर जप्तीची टाच आणली. त्या काळात मालमत्ता विश्वासू व्यक्तींच्या आणि स्थानिक मंडळांच्या नावे ठेवली गेली. सरकारला आपली संपत्ती दिसू देण्यात धोका आहे, हा धडा त्या पिढीने अनुभवाने शिकलेला होता आणि पुढच्या घडामोडी वाचताना तो विसरता येत नाही.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चर्चच्या एप्रिलमधील महापरिषदेत (सर्व सदस्यांच्या अधिवेशनात) खर्चाचे आकडे सदस्यांसमोर मांडले जात होते. १९५९ नंतर ते बंद झाले. त्या वर्षांत प्रार्थनागृहांच्या बांधकामाचा मोठा कार्यक्रम सुरू होता, खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला होता, आणि तुटीचे आकडे जाहीर करण्यापेक्षा आकडेच थांबवणे सोपे ठरले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९६० च्या दशकात आर्थिक घडी पुन्हा नीट बसली आणि राखीव निधी वाढू लागला. आकडे मात्र परतले नाहीत. हा निर्णय माझ्या दृष्टीने या साऱ्या कथेतील सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण अडचणीच्या काळात घेतलेला तात्पुरता वाटावा असा उपाय सुबत्तेच्या काळात कायमचे धोरण बनला.

आकड्यांच्या जागी उरले ते चर्चच्याच लेखापरीक्षण विभागाचे एक छोटे निवेदन. मिळालेल्या देणग्या, केलेला खर्च आणि मालमत्तेची व्यवस्था ‘सर्व महत्त्वाच्या बाबतींत’ मंजूर अंदाजपत्रक, चर्चची धोरणे आणि योग्य हिशेबपद्धतीनुसार झाली आहे, असा त्याचा आशय असतो. ‘सर्व महत्त्वाच्या बाबतींत’ ही शब्दयोजना थेट लेखापरीक्षकांच्या परिभाषेतून आलेली आहे. व्यापारी कंपनीच्या अहवालात तिला अर्थ असतो, कारण तिच्यासोबत ताळेबंद जोडलेला असतो आणि ज्या हिशेबाबद्दल मत दिले आहे तो हिशेब वाचकाला पाहता येतो. इथे मत आहे, हिशेब नाही. २००२ मध्ये एका जर्मन दूरचित्रवाणी मुलाखतीत तत्कालीन अध्यक्षांना याबद्दल विचारले असता, ही माहिती देणगी देणाऱ्यांची आहे, असा खुलासा त्यांनी केला होता. अडचण अशी की देणगी देणाऱ्यांनाही ती मिळत नव्हती. दुसरीकडे ब्रिटन आणि कॅनडात धर्मादाय संस्थांना कायद्याने हिशेब द्यावा लागतो आणि तेथील शाखा तो देतात.

इतिहासाच्या बाजूचा प्रवास वेगळा आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी दफ्तरखाना अभ्यासकांसाठी खुला झाला आणि दहा वर्षांत पुन्हा आवळला गेला. २००८ पासून संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध होऊ लागले, २०१३ ते २०१५ या काळात अवघड विषयांवरील निबंध आले, आणि संस्थापकाच्या ३० ते ४० पत्नी असाव्यात हा अंदाज प्रथमच अधिकृतपणे छापला गेला. हे काम खरोखर मोठे आणि धैर्याचे आहे. २०१७ मध्ये एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्याने तरुण सदस्यांना, आम्हाला जमेल तितके आम्ही पारदर्शक आहोत, असे सांगितले ते याच पार्श्वभूमीवर.

त्याच काळात गुंतवणुकीच्या बाजूला मात्र वेगळेच चालले होते. चर्चच्या गुंतवणूक संस्थेने आपल्या समभागांची तिमाही माहिती स्वतःच्या नावाने न देता तेरा नाममात्र कंपन्यांच्या नावाने दिली. सर्वसाधारण नावाचे आणि समाजमाध्यमांवर फारसे न दिसणारे कर्मचारी त्या कंपन्यांचे व्यवस्थापक म्हणून निवडले गेले, असे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या आदेशात नमूद आहे. समभागांचे मूल्य २०१८ पर्यंत सुमारे ३२ अब्ज डॉलरवर पोहोचले होते. डिसेंबर २०१९ मध्ये एका माजी कर्मचाऱ्याची तक्रार उजेडात आली, २०२० मध्ये संस्थेने प्रथमच स्वतःच्या नावाने विवरण भरले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये या लपवाछपवीबद्दल नियामकाकडून संस्थेला ४० लाख व चर्चला १० लाख डॉलर दंड झाला. चर्चने झालेल्या चुकांबद्दल खेद व्यक्त केला आणि हा विषय आपल्या दृष्टीने संपला असल्याचे सांगितले.

‘दशांश’ या शब्दाचा गुंता न्यायालयातही गेला. सॉल्ट लेक सिटीतील एका व्यापारी संकुलासाठी दशांशाचा पैसा वापरला जाणार नाही, असे २००३ मध्ये जाहीर झाले होते. प्रत्यक्षात पैसा आला तो गुंतवलेल्या राखीव निधीच्या उत्पन्नातून, आणि त्या राखीव निधीत दशांशाचा पैसाही होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने याबाबत आपली दिशाभूल झाली, हा एका माजी सदस्याचा दावा फेटाळला. मुद्दल आणि त्यावरचे उत्पन्न यांतील फरक चर्चने त्या वेळीच सांगितला होता, म्हणून दिशाभूल झाली नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता.