उत्पादन लाइनमधल्या मालाच्या प्रवाहाचं मॉडेलिंग

कच्चा माल स्टोअरमधून निघाल्यापासून तयार जॉब, म्हणजे नग, डिस्पॅचला जाईपर्यंत कुठे मशीनवर चढतो, कुठे नुसता पडून राहतो आणि कुठे तुंबतो हे आकड्यांत किंवा कॉम्प्युटरवर मांडून बघणं म्हणजे मटेरियल फ्लो मॉडेलिंग. यात पडून राहण्याचा वेळच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त निघतो, आणि गंमत म्हणजे लेआउटच्या ड्रॉइंगमध्ये मशीन सगळ्या असतात पण मधल्या ट्रॉल्या आणि बिन कुणी काढलेले नसतात.

एक छोटी लाइन धरू. एका नगाला टर्निंगला, म्हणजे लेथवर, ४० सेकंद, ड्रिलिंगला ७२, डीबरिंगला, म्हणजे कडेची खरबड काढायला, ३०. रोज एकच शिफ्ट, चहा-जेवण सोडून साडेसात तास म्हणजे २७,००० सेकंद, आणि गिऱ्हाईकाला हवेत रोज ४५० नग, म्हणजे दर ६० सेकंदाला एक नग पडायला हवा, याला टॅक्ट टाइम म्हणतात. ड्रिलिंग ७२ घेतं म्हणजे शिफ्टला ३७५च, ते झालं बॉटलनेक, म्हणजे सगळ्या लाइनला अडवणारी जागा. टर्निंगवाला जोर लावून ६७५ काढेल हो, पण बाहेर ३७५च येणार, उरलेले ३०० ड्रिलिंगच्या तोंडाशी साठणार आणि उद्या परत ३००.

आता लाइनवर ७५० जॉब पडलेत असं समजा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की लाइनवरचा माल म्हणजे बाहेर पडायचा दर गुणिले आत काढलेला वेळ, म्हणजे ७५० भागिले ३७५, दोन शिफ्ट. प्रत्यक्ष काम १४२ सेकंदांचं आणि मुक्काम दोन दिवसांचा!

पण हे झालं सरासरीचं गणित, आणि सरासरी फसवते. टूल तुटतं, सेटिंग लांबतं, रीवर्कचा, म्हणजे दुरुस्तीला परत आलेला, माल मधेच घुसतो. रांगेच्या सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये, म्हणजे जॉब कधीही येतात आणि मशीनचा वेळही कमीजास्त होतो असं धरलं तर, मशीन ८० टक्के बिझी असताना तिच्यापाशी सरासरी ४ जॉब असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना थेट १९. म्हणून मशीन शंभर टक्के चालवायचा हट्ट करणाऱ्याच्या शॉपफ्लोअरवर चालायला जागा उरत नाही.

असली अनियमितता हाताने मोजत बसणं अवघड, त्यासाठी सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर लुटुपुटूची लाइन चालवून बघणं. आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन यांनी जीपीएसएस ही सिम्युलेशनची कॉम्प्युटर भाषा केली तीही १९६१ च्या सुमाराचीच, आज अरेना, फ्लेक्ससिम किंवा फुकटातलं सिमपाय अशी सॉफ्टवेअर वापरतात. टोयोटात ताइची ओनो यांनी मात्र वेगळी वाट काढली, कानबान कार्ड, पुढच्या स्टेशनने माल उचलल्याचं कार्ड आल्याशिवाय मागच्याने बनवायचं नाही, म्हणजे साठ्यालाच मर्यादा.

मॉडेल चुकतं ते बहुतेक डेटामुळे. स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलं की ऑपरेटरचा हात बदलतो, फोर्कलिफ्टची वाट बघण्यात गेलेला वेळ कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो, आणि शिफ्ट बदलतानाची दहा मिनिटं तर कुणी धरतच नाही.