वरकसावर गवत लावायचंय? अर्जाआधी सातबारा उघडा

कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी शिमग्यापर्यंत सडे (कातळाची माळरानं) आणि वरकस (भात न होणारी हलकी, उताराची जमीन) करपतात आणि गोठ्यात पेंढ्याशिवाय काही उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे पाण्याचा ताण सोसणारं बहुवर्षायू गवत. अंजन गवताचं नाव मोठं, पण ते कमी पावसाच्या मुलखातलं. पाणी साचलं की टिकत नाही. आपल्याकडे मी आधी मारवेल लावेन, तेही मुळासकट ठोंब आणून.

दोन-चार गुरं असतील तर पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. वैरणीचं बियाणं किंवा ठोंबं अनुदानावर मिळतात का, हे मार्च-एप्रिलमध्येच विचारा. जून उजाडल्यावर विचारून उपयोग नाही. जमीन आणि जनावरं स्वतःची असावीत. सोबत सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि गुरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे १२ अंकी क्रमांक न्या. बिल्ला नसेल तर आधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

खरी अडचण सातबाऱ्यावर. पणजोबांपासूनची नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईत, वारस नोंद अर्धवट! सामाईक जमिनीसाठी सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागितलं जातं. चाकरमानी मे महिन्यात गावी येतात, तेव्हाच सह्या घ्या. गणपतीची वाट पाहिलीत तर लावणीचा हंगाम गेलाच. कातळाचं क्षेत्र पोटखराब्यात (लागवडीला अयोग्य म्हणून) लागलेलं असतं, तेव्हा लागवडीलायक किती दाखवलंय तेही तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) बघून घ्या.

मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) किंवा वाळल्या चाऱ्याच्या विटा करून विकायच्या असतील तर रस्ता वेगळा: राष्ट्रीय पशुधन अभियान. भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख रुपये अनुदान. व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, सगळ्यांना अर्ज करता येतो, तो उद्यमीमित्र पोर्टलवर ऑनलाइन. प्रकल्प अहवाल, जमिनीची कागदपत्रं, पॅन, बँक खात्याचा उतारा, प्रशिक्षणाचा किंवा अनुभवाचा दाखला जोडावा लागतो. जागा विकत घ्यायला हे पैसे मिळत नाहीत. बँकेचं कर्ज मंजूर होणं हा मोठा टप्पा, आणि अनुदान दोन समान हप्त्यांत येतं. तोवर स्वतःचा हिस्सा हाताशी हवा.

लावणीआधी गडगा (दगडी कुंपण) नीट करून घ्या. भातकापणीनंतर गावची गुरं मोकाट सुटतात, आणि पहिल्या वर्षी ठोंब मुळं धरत असतानाच ती चरली तर सगळं परत लावायची पाळी येते. मुळं धरेपर्यंत आपलीही गुरं आत सोडू नका, कापूनच घाला.