नुसरा–इसिस फूट
सिरियातील यादवी युद्धात २०१३-१४ मध्ये जब्हत अल-नुसरा (पुढे 'नुसरा') आणि इसिस या एकाच मुळाच्या जिहादी संघटनांत पडलेली फूट. 'इस्लामिक स्टेट इन इराक'चा प्रमुख अबू बक्र अल-बगदादी याने २०११ मध्ये अबू मुहम्मद अल-जौलानी याला सिरियात पाठवले. जानेवारी २०१२ मध्ये नुसरा जाहीर झाली. एप्रिल २०१३ मध्ये बगदादीने दोन्हींचे 'इसिस' या नावाने विलीनीकरण परस्पर घोषित केले. जौलानीने ते नाकारून थेट अल-कायदाचा तेव्हाचा प्रमुख ऐमन अल-जवाहिरी याच्याशी बयअत (निष्ठेची शपथ) जाहीर केली.

खरा वाद बगदादी स्वतः अल-कायदाला बांधील होता का, हा. बगदादीच्या संघटनेचा मूळ संस्थापक अबू मुसाब अल-झरकावी याने ऑक्टोबर २००४ मध्ये अल-कायदाला दिलेली बयअत निर्विवाद आहे. पण ऑक्टोबर २००६ मध्ये 'राज्य' (इस्लामिक स्टेट इन इराक) घोषित झाल्यावर ती संपली, असे इसिसचे म्हणणे. जवाहिरीच्या मते बयअत चालूच होती, फक्त गुप्त ठेवलेली. इसिसचा प्रवक्ता अदनानी याने मे २०१४ मध्ये, अल-कायदाचा मान राखून आपण इराणवर हल्ले केले नाहीत, असे सांगितले. हा बचाव जवाहिरीच्याच बाजूने अधिक झुकतो, कारण त्यातून अल-कायदाची आज्ञा पाळल्याचेच दिसते. इराकबाहेर आज्ञापालन आणि इराकमध्ये स्वातंत्र्य, असा संदिग्ध व्यवहार असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गुप्त शपथेला जाहीर पुरावा नसतो. तंटा उद्भवला की दोन्ही पक्ष आपापला अर्थ लावतात.

मे २०१३ च्या पत्रात जवाहिरीने विलीनीकरण रद्द करून बगदादीला इराक व जौलानीला सिरिया वाटून दिले आणि सिरियातील बंडखोर गट अहरार अल-शामचा नेता अबू खालिद अल-सूरी याला मध्यस्थ नेमले. बगदादीने ते धुडकावले. पुढचे लवादाचे प्रयत्नही फसले, कारण इसिस स्वतःला गट न मानता राज्य मानत होती. राज्याने इतर गटांबरोबर एकाच न्यायासनापुढे कसे उभे राहायचे? जानेवारी २०१४ मध्ये इसिस व इतर बंडखोर गटांत उघड लढाई जुंपली, फेब्रुवारीच्या आरंभी अल-कायदाने इसिसशी संबंध तोडले आणि त्याच महिन्यात अलेप्पोत आत्मघाती हल्ल्यात सूरी मारला गेला. जुलैमध्ये पूर्व सिरियातील देर अज-झोरचे अल-उमर तेलक्षेत्र नुसराच्या हातून इसिसकडे गेले.

तरीही स्थानिक पातळीवर सहकार्य टिकले: ऑगस्ट २०१४ मध्ये लेबनॉनच्या अरसाल येथे दोन्ही गटांचे लढवय्ये लेबनॉनी सैन्याविरुद्ध एका बाजूने लढले.