गेटवरची युनियन आणि कोर्टातला खून: दत्ता सामंत खटल्याची पार्श्वभूमी

कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या खुनाच्या खटल्यातून विशेष सीबीआय न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये गँगस्टर छोटा राजनची सुटका केली. कट सिद्ध होईल एवढा पुरावा नाही, असं न्यायालयाला आढळलं. खून झाला होता १६ जानेवारी १९९७ रोजी, म्हणजे निकालाच्या २६ वर्षं आधी. निकालाची बातमी सगळीकडे अंडरवर्ल्डची बातमी म्हणून आली. पण या खुनाची मुळं शोधायला गेलं की आपण गँगच्या अड्ड्यावर नाही, गिरणीच्या गेटवर पोचतो.

सुरुवात करावी लागते ती १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्टपासून. गिरणी कामगारांच्या तोंडी तो ‘बीआयआर कायदा’. एखाद्या धंद्यातले किमान २५ टक्के कामगार ज्या युनियनचे सभासद, तिला ‘प्रातिनिधिक युनियन’ ठरवता यायचं. मालकाशी करार करायचा, लवादाकडे जायचं, तडजोड करायची, हे सगळे अधिकार तिचेच. मुंबईच्या गिरण्यांत हा मान काँग्रेसच्या बाजूच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. मग कामगार मनाने लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांचा, असो की आणखी कोणाचा, त्याच्या नावाने सही संघच करणार. आणि सभासद मोजायचे ते वर्गणीच्या नोंदींवरून, गुप्त मतदानाने नाही. इतर कारखान्यांसाठी १९७१ साली वेगळा कायदा झाला. त्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद लागायचे, पण मोजायची रीत साधारण तीच राहिली.

या पद्धतीचा परिणाम कागदावर दिसत नाही, गेटवर दिसतो. मत गुप्त नाही, त्यामुळे कोण कोणाची पावती फाडतो, म्हणजे कोणत्या युनियनला वर्गणी देतो, हे सगळ्यांना माहीत. युनियन बदलायची तर वर्गणी बंद करायची, गेट मीटिंगला उभं राहायचं, म्हणजे उघड्यावर यायचं. ज्याच्या हातात गेट, त्याच्या हातात कारखाना. या कायद्याने वैर जन्माला घातलं असं मी म्हणणार नाही. पण वैर शांतपणे निकालात काढायची वाट त्याने कामगारांना दिली नाही, हे मला ठामपणे म्हणावंसं वाटतं.

गिरणगावाने रक्त त्याआधीही पाहिलं होतं. ५ जून १९७० च्या रात्री परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. तो राजकीय खून होता, पण राजकारण आणि युनियन त्या भागात एकाच चाळीत राहत होते.

दत्ता सामंत पेशाने डॉक्टर. घाटकोपरला दवाखाना, पेशंट म्हणून येणारे खाणीतले दगडफोडे, आणि तिथूनच त्यांची युनियन सुरू झाली. पुढे इंजिनीअरिंग कारखान्यांत त्यांनी पगारवाढीचे असे करार घडवले की जुन्या युनियन सोडून कामगार त्यांच्याकडे येऊ लागले. ऑक्टोबर १९८१ मध्ये बोनसवरून चिडलेले स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबरच त्यांची मोठी मागणी होती की बीआयआर कायदा रद्द करा. कायदा तसाच राहिला. संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा आजतागायत झालेली नाही. डॉक्टर मात्र १९८४ मध्ये, काँग्रेसच्या लाटेतही, दक्षिण-मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले.

संपानंतर गिरण्यांत कापडापेक्षा जमीन महाग झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट उघडली. आता प्रातिनिधिक युनियनची सही पगाराच्या करारापुरती राहिली नाही, ती जमिनीच्या व्यवहारातही मोलाची ठरली. ७ मे १९९४ रोजी महालक्ष्मीजवळ खटाव मिलचे प्रमुख सुनीत खटाव यांच्या गाडीवर गोळीबार झाला आणि त्यात ते गेले. भायखळ्याच्या गिरणीची जागा मोकळी करण्याचा बेत, त्यासाठी लागणारी युनियनची संमती आणि एकमेकांवर उठलेल्या टोळ्या, अशी त्या खुनाची कारणं पोलिसांनी सांगितली. युनियन ताब्यात ठेवण्यात गँगना रस का वाटावा, हे या एका प्रकरणातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

तीन वर्षांच्या आतच पवईत डॉक्टरांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर त्यांची गाडी थांबवली गेली. ते घाटकोपरच्या ऑफिसला निघाले होते. खुनामागे कामगार संघटनांमधलं वैर असल्याचं तेव्हापासून बोललं गेलं. स्थानिक आरोपींवरचा खटला २००० साली संपला. राजन तेव्हा फरारी होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याला इंडोनेशियातून आणलं गेलं, तपास सीबीआयकडे गेला, आणि त्याच्यावरचा खटला स्वतंत्रपणे चालला. एवढ्या वर्षांनी उभे राहिलेले महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले.

या खटल्यात न्यायालयापुढे भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ (खून) आणि १२० ब (कट) चे प्रश्न होते: गोळी कोणी झाडली, कट कोणी रचला. कोणत्या कारखान्यात कोणाची युनियन खरी, कामगारांना कोण हवं होतं, हे ठरवणं त्याच्या कक्षेत येत नव्हतं. ते औद्योगिक न्यायालयाचं काम, आणि तिथेही मोजल्या जात होत्या त्या पावत्याच.