वस्तरा

वस्तरा : मुठीत घडी होणारे, एकाच कडेला धार असलेले, उघड्या पात्याचे दाढीचे व मुंडणाचे हत्यार. गोव्यात मराठी बोलणारे त्याला वस्तरा म्हणतात. तो चालवणारा मराठीत न्हावी आणि कोंकणीत म्हालो. 1510 ते 1961 या काळात गोव्याच्या राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज होती. तिच्यात या हत्याराला ‘नवाल्या’ असा, लॅटिन ‘नोवाकुला’पासून आलेला शब्द आहे. मात्र नवाल्या म्हणजे घडीचा चाकूही होतो. म्हणून नेमके सांगायचे असेल तेव्हा पोर्तुगीजमध्ये ‘दाढीची नवाल्या’ म्हणावे लागते. मराठीत अशी अडचण नाही, कारण वस्तऱ्याने दुसरे काही कापत नाहीत.

हा शब्द फारसीतून आला. फारसीत ‘उस्तुर्दन’ म्हणजे मुंडणे आणि ‘उस्तुरा’ म्हणजे मुंडण्याचे साधन. हिंदीत त्याचा उस्तरा झाला आणि मराठीत आरंभीच्या ‘उ’चा ‘व’ होऊन वस्तरा. वस्त्राशी त्याचे काही नाते नाही. त्याआधीचा आपला शब्द क्षुर. कठोपनिषदात दुर्गम वाटेला क्षुराच्या धारेची उपमा दिली आहे. क्षुर मागे पडला, तरी ‘क्षौर’ धार्मिक विधींच्या भाषेत टिकला. हजामत हा शब्द अरबीतला. तिथे ‘हज्जाम’ म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणारा. पोर्तुगालमध्येही न्हाव्याच्या धंद्याला रक्त काढणे जोडलेले होते. धारदार पाते आणि ते चालवणारा स्थिर हात एकाच माणसाकडे असे, त्यामुळे दोन्ही कामे त्याच्याकडे गेली.

इंग्रजीतली नावे मात्र नंतर चिकटलेली आहेत. जोवर दुसरा प्रकार नव्हता तोवर ‘रेझर’ एवढेच पुरत होते. 1880 मध्ये अमेरिकेतील काम्फे बंधूंच्या पेटंटात ‘सेफ्टी रेझर’ हे नाव आले, आणि 1904 मध्ये किंग कँप जिलेट यांना बदलत्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले. मग जुन्याला वेगळे ओळखण्यासाठी विशेषणे लागली : उघडल्यावर मूठ आणि पाते एका रेषेत येते म्हणून ‘स्ट्रेट’, धारेपुढे कसलीही आड नाही म्हणून ‘ओपन’, आणि ब्रिटनमध्ये ‘कट-थ्रोट’, म्हणजे गळेकापू. फ्रेंचांनी थट्टेने त्याला ‘कूप-शू’, कोबी कापणारा, केले. जर्मन नाव सरळ आहे : दाढीची सुरी. मराठीत नवी वस्तूच रेझर हे परके नाव घेऊन आली, त्यामुळे जुन्या वस्तऱ्याला विशेषण लावण्याची वेळच आली नाही.

पात्याची जाड कड ती पाठ, समोरची ती धार. पाते साधारण 3 इंच लांब असते. त्याची रुंदी पाठीपासून धारेपर्यंत इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. 5/8 हे नेहमीचे माप. 6/8 जड, ते दाट दाढीला बरे. पात्याचा आडवा छेद पाहिला तर तो पाचरीसारखा भरीव दिसतो किंवा दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेला. जर्मनीच्या झोलिंगेनमधली पाती खोलगट घासणीसाठी नावाजलेली, तर इंग्लंडच्या शेफील्डची जुनी पाती पाचरीच्या घडणीची. खोलगट पाते केसावरून जाताना किंचित खरखरते. त्या आवाजावरून कसबी न्हावी धार ओळखतो.

पाठीची जाडी नुसती मजबुतीसाठी नसते. धार लावण्याच्या दगडावर वस्तरा ठेवताना पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवतात. म्हणजे धारेचा कोन हाताने धरावा लागत नाही, तो पाठीच्या जाडीनेच ठरतो, एकूण सुमारे 16 अंश. पाठ उचलून घासणारा नवशिक्या वस्तरा लवकर बिघडवतो. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचे. बोथट धारेला 1000 क्रमांकाचा दगड, मग 4000, शेवटी 8000; आकडा मोठा तसा दगड बारीक. चामड्याच्या पट्ट्यावर याच्या नेमके उलट : पाठ पुढे, धार मागे, 30 ते 50 फेऱ्या, आणि वळवताना नेहमी पाठीवरून. धारेवरून वळवला तर पट्टा कापला जातो. पट्टा सैल धरला तर तो धारेभोवती वाकतो आणि धार गोल होते. ‘रोज पट्ट्यावर फिरवतो तरी ओढतो’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

दाढी करताना कातडी दुसऱ्या हाताने ताणून पाते सुमारे 30 अंशांवर धरतात आणि इंच-दीड इंचाचे छोटे हात मारतात. पहिला हात केसांच्या दिशेने. कोन वाढला की धार कातडीत शिरते, फार कमी झाला की केस ओढला जातो. त्याआधी दोन-तीन मिनिटे पाणी आणि साबण मुरले पाहिजे, कारण भिजलेला केस मऊ होतो आणि कोरडा चिवट राहतो. बिनपाण्याने हजामत हा वाक्प्रचार उगाच अपमानाचा झालेला नाही. शेवटी तुरटी फिरवतात. तिने बारीक जखमांचे रक्त थांबते.

गोव्यात वस्तऱ्याचा मोठा वैरी म्हणजे हवा. किनाऱ्यावर खारी, आणि जून ते सप्टेंबर सगळीकडे ओली. जुनी पाती साध्या पोलादाची. त्यांच्या धारेवरचा गंज डोळ्यांना दिसायच्या आत धार खातो. म्हणून दाढीनंतर पाते धुऊन, पुसून, उघडेच सुकवावे. ओले मिटले की मुठीच्या खाचेत, खिळ्यापाशी पाणी साचते. आठवडाभर वापर नसेल तर तेलाचा पुसट हात पुरे. शिंगाच्या मुठीला कीड लागते. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कुजताना आम्लाचा वायू सोडतात आणि पात्याला गंजवतात, अशी मूठ बदललेलीच बरी.

सलूनमध्ये आज वस्तरा म्हणून जे दिसते ते खरे तर धारक आहे. दुधारी ब्लेड कागदातच मधोमध मोडतात आणि अर्धे त्याच्या फटीत सरकवतात. रक्तावाटे पसरणाऱ्या एचआयव्ही व कावीळ ‘ब’ची जाणीव वाढली, तसा गिऱ्हाईकागणिक नवे ब्लेड हा रिवाज झाला. धार लावणे सुटले, पण हलके हात जास्त लागतात : ब्लेड पातळ आणि त्याचे कोपरे टोकदार, म्हणून कानाखाली आणि हनुवटीवर तेच आधी कापतात. फट आणि मूठ 70 टक्क्यांच्या स्पिरिटने पुसायची. फेणीने भागत नाही, तिच्यातले मद्यार्क 40-45 टक्क्यांच्या आसपासच असते. नवे ब्लेड आपल्यासमोर मोडले की नाही, हे गिऱ्हाईकाने खुर्चीत बसतानाच पाहावे; साबण लागल्यावर मान वळवता येत नाही.