केशकर्तन व्यवसायाचे प्रशिक्षण (मराठवाडा)

केस कापणे, दाढी करणे, मुंडण, मिशी व कल्ल्यांची आखणी, केस रंगवणे आणि डोक्याची चंपी ही कामे उपजीविकेसाठी करता यावीत म्हणून घेतले जाणारे शिक्षण. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड आणि धाराशिव या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ते दोन वाटांनी मिळते. एक वाट घराची व दुकानाची, म्हणजे वडील, चुलते, मामा किंवा उस्ताद यांच्या शेजारी उभे राहून शिकण्याची. दुसरी संस्थेची, म्हणजे ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांची. हाताला वळण पहिल्या वाटेने लागते. त्वचेचे विकार, निर्जंतुकीकरण, हिशेब आणि कायदा या गोष्टी दुसऱ्या वाटेने नीट समजतात. या दोहोंची सांगड अजून पुरती बसलेली नाही आणि व्यवसायात नव्याने येणाऱ्या तरुणांच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तेथेच आहे.

गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. या समाजासाठी मराठवाड्यात न्हावी, नाभिक आणि वारीक ही नावे रूढ आहेत. संत सेना महाराजांनीही आपल्या अभंगात स्वतःला वारीक म्हटले असून विवेकाचा आरसा आणि वैराग्याचा चिमटा अशी रूपके धोकटीतूनच, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांच्या पिशवीतूनच, उचलली आहेत. वर्षभर घरातल्या पुरुषांची डोई करायची आणि सुगीला खळ्यावर ज्वारी घ्यायची, असा बलुत्याचा व्यवहार असे. गिऱ्हाइकांची घरे भावाभावांत वाटलेली असत आणि मुलाकडे ती घरे जशी वारशाने येत, तशीच वडिलांची धोकटीही येई. वस्तरा, कैची, कंगवा, आरसा, चिमटा, नखे काढायची नराणी, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा एवढा संसार त्या धोकटीत मावत असे. शिक्षणाची वेगळी वेळ नव्हती. मुलगा वडिलांबरोबर वाड्यावस्त्यांवर फिरे, पाणी आणून देई, आरसा धरे आणि बघता बघता शिके. त्याला पहिल्यांदा हाताळायला मिळे तो दगड, कारण धार लावता आल्याशिवाय वस्तरा हाती देत नसत.

या शिक्षणाचा एक भाग विधींचा होता आणि तो अजून टिकून आहे. जावळ काढताना मूल बहुधा मामाच्या मांडीवर असते, रडते, मान फिरवते, आणि त्याची टाळू कित्येकदा पुरती भरलेली नसते. ती साधारण दीड वर्षापर्यंत मऊ राहते. म्हणून जावळ शिकाऊ मुलाकडे देत नाहीत. तुळजापूरला नवस फेडण्यासाठी आणलेल्या लेकरांचे जावळ काढणारा कारागीर डाव्या हाताचा पंजा मुलाच्या डोक्यावर पसरतो आणि वस्तरा त्या पंजाच्या आधारानेच पुढे सरकवतो, म्हणजे मूल हलले तरी हात डोक्याबरोबर हलतो. पैठण, गंगाखेड, नांदेड येथील गोदावरीच्या घाटांवर दहाव्याच्या मुंडणाचे काम चालते. तेथे शिकायचे असते ते वेगळेच. समोरचा माणूस दुःखात असतो, त्याच्याशी दुकानातल्यासारख्या गप्पा मारायच्या नसतात, आणि विधी खोळंबू नये म्हणून हात झपाट्याने चालवावा लागतो. लग्नात नवरदेवाची हजामत, मौंजीचे क्षौर यांचेही संकेत ठरलेले आहेत. सोमवार, शनिवार, अमावास्या, एकादशी या दिवशी केस न कापण्याचा रिवाज अनेक घरांत पाळला जातो, त्यामुळे रविवारच्या गर्दीत काम उरकण्याची सवय शिकतानाच लावून घ्यावी लागते.

बलुत्याची पद्धत मोडत गेली तसे काम पारावरून आणि आठवडी बाजारातल्या झाडाखालून दुकानात आले. रोख पैसा वाढला, लोक तालुक्याला जाऊ लागले आणि दुष्काळात खळ्यावर वाटायला धान्य उरले नाही, अशी अनेक कारणे त्यामागे होती. या स्थित्यंतराबरोबर जुन्या व्यवहारातील एक मोठा अन्याय मात्र आपोआप संपला नाही. अनेक गावांत न्हाव्याने दलितांची डोई करू नये असा दंडक होता, आणि तो मोडणाऱ्याला गावाचा रोष पत्करावा लागे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, अनुच्छेद १५ ने दुकानातील प्रवेश जातीवरून नाकारण्यास मनाई केली आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अशा कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. खुर्चीवर बसणारा प्रत्येक माणूस सारखाच, हा धडा प्रशिक्षणात पहिल्या दिवशी आणि स्पष्ट शब्दांत द्यायला हवा. कात्रीचे प्रकार शिकवणारे कित्येक वर्ग त्याला हातच लावत नाहीत, ही उणीव लहान नाही.

दुकानातील शिक्षणाला लेखी अभ्यासक्रम नसला तरी त्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा आढळतो. शिकाऊ मुलगा पहिले काही महिने केस झाडतो, रुमाल धुतो, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती वरकामे वाटतात, पण पुढची पायरी यातच दडलेली असते. कापड सैल बांधले तर केस मानेत जातात आणि आवळले तर माणूस अवघडतो, हे बोटांना येथे कळते. मग दाढीला फेस लावण्याचे काम येते. ब्रश गोल फिरवताना दाढीचे केस कोणत्या बाजूला झुकले आहेत हे हाताला समजते. गालावर ते खाली, तर गळ्यावर कित्येकदा आडवे किंवा वर वाढलेले असतात. ही ओढ ओळखता न येणाऱ्याने वस्तरा धरला तर कातडी सोलली जाते. जाणते उस्ताद म्हणूनच फेस लावायला घाई करू देत नाहीत.

वस्तरा धरण्याचे शिक्षण सर्वांत अवघड. संस्थांत त्यासाठी फुगवलेल्या फुग्याला फेस लावून तो फुटू न देता साफ करायला लावतात; दुकानात मुलगा स्वतःच्या पोटरीवर, मग धाकट्या भावाच्या डोक्यावर आणि मग ज्या ओळखीच्या माणसाला घाई नाही त्याच्या गालावर हात बसवतो. पाते कातडीशी साधारण ३० अंशांत टेकवायचे, मनगट सैल ठेवायचे आणि दाबायचे नाही, हे सांगायला सोपे आहे. खरे काम दुसऱ्या हाताचे असते. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरली नाही, तर पाते कितीही धारदार असले तरी अडखळते. घाटीवर, म्हणजे गळ्याच्या उंचवट्यावर, तर कातडी बाजूला ओढून हाडावरून सरकवावी लागते आणि मगच तेथे वस्तरा फिरवायचा असतो. पहिला हात सुलटा, म्हणजे केसांच्या ओढीने, आणि त्यानंतर पुन्हा फेस लावून हलका उलटा हात. फोड किंवा पुरळ असलेल्या चेहऱ्यावर उलटा हात फिरवायचाच नाही.

एकसंध पात्याचा जुना वस्तरा जाऊन ब्लेड बदलता येणारा वस्तरा आला, तेव्हा प्रशिक्षणातून धार लावण्याची विद्या जवळजवळ नाहीशी झाली. ती गेल्याचे दुःख जुन्या पिढीला आहे आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार केला तर हा बदल आवश्यक होता. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड, आणि ते त्याच्या डोळ्यांसमोर काढायचे. पूर्ण ब्लेड दोन तुकडे करून अर्धे वापरताना उरलेला अर्धा भाग स्वच्छ कागदात ठेवायचा. वापरलेले ब्लेड उघड्या कचऱ्यात न टाकता डब्यात साठवायचे. ब्लेड बदलले तरी वस्तऱ्याची खाच, कैची आणि मशीनचे दाते स्पिरिटने पुसावे लागतात, हे दुकानात शिकलेल्या अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. तुरटीचा एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालावर फिरवण्याची सवय तर मोडायलाच हवी. तुरटीची पूड कापसाला लावून वापरली की तेच काम होते. नायटा किंवा उवा दिसल्या तर माणसाला न दुखावता ते कसे सांगावे आणि कंगवा वेगळा कसा ठेवावा, हाही शिकवण्याचाच विषय आहे. केस रंगवण्याआधी कानामागे थोडा रंग लावून २४ ते ४८ तास थांबण्याची चाचणी क्वचितच होते, आणि काळ्या रंगातील रसायनांमुळे तोंड सुजण्याचे प्रसंग त्यातून ओढवतात. चंपीच्या शेवटी मान कडकन मोडण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी तिने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. ती शिकवू नये आणि गिऱ्हाइकाने मागितली तरी नम्रपणे नाकारावी.

कटिंगचे शिक्षण रिकाम्या कैचीने सुरू होते. अंगठा एका कडीत, अनामिका दुसऱ्या कडीत, आणि हलायचा तो फक्त अंगठा. हे जमेपर्यंत मुलाला कंगव्याच्या कडेने हवेत कैची चालवायला लावतात. त्यानंतर मागची बाजू, मग कानाजवळचा भाग आणि शेवटी वरचे केस. भोवरा कोठे आहे हे पाहून लांबी ठरवायची असते, कारण भोवऱ्यावरचे केस आखूड झाले की ते उभे राहतात. मशीनने काम सोपे केले असे म्हणतात, पण त्याच्या गार्डचे, म्हणजे पात्यावर बसवायच्या टोपीचे, क्रमांक आणि उंची पाठ असावी लागते. १ नंबरला केस साधारण ३ मिलिमीटर, २ नंबरला ६ आणि ३ नंबरला १० मिलिमीटर राहतात. त्यांच्यामधली रेघ कंगव्यावर कैची चालवून पुसून टाकणे ही फेड, म्हणजे खालून वर केस हळूहळू लांब होत जाणाऱ्या, कटिंगची खरी परीक्षा. डोक्याचे केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे बिघडलेली कटिंग तीन-चार आठवडे गावभर दिसत राहते.

पाण्याची काटकसर हा या प्रदेशातल्या प्रशिक्षणाचा वेगळा भाग आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात नळ सोडून डोकी धुण्यावर आधारलेला शहरी अभ्यासक्रम जसाच्या तसा चालत नाही. फवाऱ्याची बाटली, वाटीभर कोमट पाणी आणि गरम पाण्यात पिळलेला रुमाल यांवर काम भागवणे येथे शिकावे लागते, मात्र ही काटकसर हात आणि हत्यारे धुण्यात करायची नसते.

संस्थात्मक शिक्षणात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील दहावीनंतरचा एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजी हा अभ्यासक्रम, महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे लघुमुदतीचे अभ्यासक्रम आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचे मोफत वर्ग येतात. यांतील बरेचसे अभ्यासक्रम ब्युटी पार्लरचा विचार करून आखलेले आहेत आणि तेथे मुलींची संख्या मोठी असते. पुरुषांच्या दुकानात काम करू इच्छिणाऱ्या मुलींना मात्र शिकवणारी खुर्ची सहज मिळत नाही. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत न्हाव्याचा समावेश आहे. तीत ५ ते ७ दिवसांचे मूलभूत आणि किमान १५ दिवसांचे प्रगत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने तारणाशिवाय आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. वयाची किमान अट १८ वर्षे असून एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो; बाप आणि अविवाहित मुलगा एकाच दुकानात काम करत असतील तर कोणी अर्ज करायचा हे घरात ठरवावे लागते. आठवडाभरात कोणी नवा कारागीर तयार होत नाही. आधीच हात बसलेल्याला स्वच्छता, नवी हत्यारे आणि डिजिटल व्यवहार शिकवणे एवढाच या वर्गांचा आवाका आहे आणि तेवढ्यापुरते ते उपयोगी आहेत.

हा व्यवसाय करण्यासाठी वकील किंवा डॉक्टरप्रमाणे परवाना लागत नाही. मोजकेच कामगार असलेल्या लहान दुकानाने २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ऑनलाइन सूचना दिली की पुरते. मुलांबाबत कायदा कडक आहे. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही; घरच्या दुकानात शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मदत करण्यापुरतीच सवलत आहे. म्हणून पूर्वीसारखे आठव्या-नवव्या वर्षी उस्तादाकडे सोपवणे आता बेकायदा ठरते, आणि शाळा पूर्ण करून आलेला मुलगा हिशेब व औषधांवरचे लेबल वाचू शकतो हा त्याचा उघड फायदा आहे. शिकून झाल्यावर तो पगारावर, टक्केवारीवर किंवा खुर्ची भाड्याने घेऊन काम करतो. टक्केवारीत बहुधा निम्मे पैसे मालकाचे असतात. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने महिनोन्‌महिने बंद राहिली आणि २८ जूनपासून ती उघडली तेव्हाही सुरुवातीला केवळ कटिंगसारख्या मोजक्या कामांना मुभा होती. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या या कारागिरांकडे त्या काळासाठी साठवण नव्हती, आणि तेव्हापासून बचत व विम्याची माहिती काही वर्गांत दिली जाऊ लागली.

दुकानात शिकलेल्याला कागद मिळावा यासाठी कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्याचा उपयोग मात्र येथे होत नाही, कारण त्याच्या नियमांनुसार किमान ४ कामगार असलेल्या आस्थापनेलाच शिकाऊ उमेदवार ठेवता येतो. तालुक्याच्या गावातले दोन खुर्च्यांचे दुकान, जिथे मराठवाड्यातला बहुतांश कारागीर घडतो, त्यात बसत नाही. तेथे शिकवणाऱ्या उस्तादाला मानधन नाही आणि त्याच्या शिकवण्याची कोठे नोंदही होत नाही. त्यामुळे परळीत किंवा सेलूत तीन वर्षे शिकलेला मुलगा पुण्याला काम मागायला जातो तेव्हा मालक त्याला आधी विचारतो, कुणाकडे शिकलास. आणि मग एक डोके करायला लावून त्याचा हात पाहतो.