छातीचा एक्स-रे: आधी बरगड्या मोजा

छातीची फिल्म हातात आली की नजर थेट फुप्फुसांवर जाते. शिकणाऱ्याने आधी हाडं बघावीत. हवेतून किरण सहज जातात, म्हणून फुप्फुस काळं. हाडातलं कॅल्शियम त्यांना अडवतं, म्हणून हाड पांढरं. फुप्फुसाबद्दल काही बोलण्याइतकी फिल्म चांगली आहे का, हे ती पांढरी हाडंच सांगतात.

मागच्या बरगड्या मणक्यापासून जवळपास आडव्या निघतात, पुढच्या तिरक्या खाली उतरतात. उजवीकडे श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या) वर मागच्या नऊ-दहा बरगड्या दिसल्या, तर श्वास पुरेसा भरलेला आहे. सात-आठच दिसल्या तर फुप्फुसांचा तळ दबतो, तिथल्या रक्तवाहिन्या दाटीवाटीने दिसतात आणि नसलेल्या न्यूमोनियाचा भास होतो. हृदयही मोठं वाटतं. मोजणी बहुधा पहिल्याच बरगडीला चुकते, कारण ती आखूड, बरीच वाकलेली आणि कॉलरबोनमध्ये मिसळलेली असते. तिचं पुढचं टोक शोधून तिथून मागे जावं.

मग दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं बघावीत. मणक्याच्या मधल्या काट्यापासून ती सारख्या अंतरावर नसतील, तर रुग्ण वळलेला होता. अशा फिल्ममध्ये श्वासनलिका उगाचच सरकलेली दिसते. महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या सर्वात मोठ्या रक्तवाहिनीच्या) कमानीपाशी ती किंचित उजवीकडे झुकते, ते मात्र नॉर्मल.

हे बिघाड बहुतेक वेळा फिल्म काढतानाच टळतात. किरण सोडणारी ट्यूब प्लेटपासून १८० सेंमीवर, छाती प्लेटला टेकलेली, हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे. त्याने खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला होतात. मंगळसूत्र, ताईत काढायला लावावेत, वेणी वर बांधावी; जाड वेणीची सावली फुप्फुसाच्या टोकावर डागासारखी उमटते. ‘श्वास घ्या, धरा’ म्हटल्यावर अनेक जण नुसते खांदे उचलतात. नाशिकला पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या कित्येकांची घरची बोली कोकणा असते. तेव्हा स्वतः श्वास भरून दाखवावा, एकदा सराव करून घ्यावा आणि मगच बटण दाबावं.

श्वासनलिकेच्या खाली दोन फांद्या होतात; त्यांतली उजवी मुख्य श्वासनळी डावीपेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभी असते, म्हणून श्वासात अडकलेली वस्तू जास्त करून तिकडे जाते. लहान मुलाने शेंगदाणा ओढला, तर तो एक्स-रेत सहसा दिसतच नाही. श्वास सोडतानाच्या फिल्ममध्ये ती बाजू फुगलेलीच राहिली, तर हवा अडकली आहे असं समजावं. फिल्म नॉर्मल असली, तरी ठसका लागल्याची माहिती पक्की असेल तर दुर्बिणीने तपासणी करण्याबाबत तज्ज्ञांना विचारावंच.